बर्फावरील हॉकी आणि चाहत्यांचे तर्क

शाळेच्या मैदानावर हुतूतूचा किंवा आट्यापाट्यांचा डाव मांडावयाचा झाला म्हणजे प्रथम दोन मुलें पुढें येतात आणि पाळीपाळीनें आपआपले भिडू मागून घेतात. पहिल्या पाळीस कोणास मागावें याविषयीं सहसा वाद नसतो. सर्वांत चपळ कोण हें सर्वांस ठाऊक असतें. पुढें पुढें मात्र विचार पडतो, कुजबूज सुरू होते, ‘त्याला घे, ह्याला नको’ असा सल्ला चोहोंकडून मिळूं लागतो; आणि अखेरीस एक मुलगा असा उरतो कीं त्यास कोणी मागत नाहीं, तो ज्याच्या वांट्यास येईल त्याच्याकडे मुकाट्यानें जातो. हा प्रकार आपण सर्वांनीं पाहिला आहे, आणि आपल्यापैकीं कित्येकांनीं तो शेवटचा मुलगा होऊनही पाहिला आहे. भिडू मागण्याचा हाच प्रकार कॅनडा व अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें या देशांत केवढ्या मोठ्या प्रमाणावर चालतो, त्यावर तेथील चाहते कसे तर्क लढवितात, आणि त्या तर्कांपासून विद्यार्थ्यांनीं काय शिकावें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

खेळ व संघटना

हॉकी म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान येतें आणि मेजर ध्यानचंद यांचें नांव ओठांवर येतें. कॅनडांत मात्र नुसतें हॉकी म्हटलें कीं तें बर्फावरील हॉकी असेंच समजावयाचें. तेथें चेंडूऐवजीं कठीण रबराची चपटी चकती असते. तिला पक म्हणतात. खेळाडूंच्या जोड्यांच्या तळाशीं पोलादी पातीं बसविलेलीं असतात व त्यांवर ते गोठलेल्या बर्फावरून वाऱ्याच्या वेगानें घसरत जातात. एका वेळीं प्रत्येक बाजूचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात, आणि वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. या खेळांतील अग्रगण्य संघटना म्हणजे १९१७ सालीं माँट्रियल येथें स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग होय. तिच्या विजेत्यास मिळणारा स्टॅन्ले चषक तिच्याहूनही जुना आहे. कॅनडाचे त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं तो १८९२ सालीं देऊं केला व १८९३ सालीं तो प्रथम दिला गेला. १९४२ पासून १९६७ पर्यंत या लीगमध्यें सहाच संघ होते. आज ते ३२ आहेत.

निवडीची रीत

या संघांनीं नवे भिडू मागून घेण्याच्या वार्षिक रीतीस ‘ड्राफ्ट’ असें नांव आहे. ती सुरू होण्यापूर्वीं जो संघ अधिक जागरूक, तो होतकरू मुलांस लहानपणींच करारानें बांधून टाकी. पुढें जगप्रसिद्ध झालेला बॉबी ऑर १९६२ सालीं बॉस्टनच्या संघाशीं बांधला गेला, तेव्हां तो अवघा चौदा वर्षांचा होता. अशानें बलवान् संघ अधिकच बलवान् होत. हा दोष दूर करावा म्हणून ५ जून १९६३ रोजीं माँट्रियलमधील एका हॉटेलांत पहिला ड्राफ्ट झाला. सहा संघांनीं मिळून एकवीस मुलें निवडलीं. त्यांतील पहिलें नांव गॅरी मोनाहन या सोळा वर्षांच्या मुलाचें होतें. आज त्याच निवडीच्या सात फेऱ्या होतात, एकंदर २२४ नांवें पुकारलीं जातात, आणि निवडीस पात्र होण्यास वयाचीं अठरा वर्षें त्या वर्षाच्या १५ सप्टेंबरपर्यंत पुरीं व्हावीं लागतात.

निवडीचा क्रम उलटा असतो. मागील हंगामांत जो संघ तळाशीं राहिला त्यास पहिली पाळी, आणि जो चषक जिंकला त्यास शेवटची. दुर्बलास हात द्यावा हा यांतील हेतु स्तुत्य खरा. परंतु चांगल्या नियमांतूनही वांकडी वाट निघते. शेवटचा क्रमांक आला तर उत्तम मुलगा मिळतो हें कळल्यावर, हंगाम हातचा गेलेला संघ मनापासून खेळेल काय, अशी शंका लोकांस येऊं लागली. म्हणून १९९५ पासून पहिल्या पाळ्यांसाठीं सोडत काढण्याची पद्धत आली. सोडतींतही तळाच्या संघास इतरांहून अधिक संधि असते व तो दोन पायऱ्यांहून खालीं घसरूं शकत नाहीं. मात्र पहिली पाळी त्यासच मिळेल असें आतां कोणासही छातीठोकपणें सांगतां येत नाहीं.

अदलाबदल

दुसरा व्यवहार खेळाडूंच्या अदलाबदलीचा. त्यास ‘ट्रेड’ म्हणतात. एक संघ आपला खेळाडू दुसऱ्यास देतो व त्याच्या मोबदल्यांत दुसरा खेळाडू घेतो. परंतु यांतील खरी गंमत अशी कीं, खेळाडूंप्रमाणेंच पुढील वर्षींच्या ड्राफ्टांतील पाळीचा हक्कही देतां घेतां येतो. शेतकऱ्यानें उभें पीक न विकतां पुढील वर्षींची पेरणीच आज विकावी, तसा हा प्रकार आहे. पाऊस कसा पडेल हें विकणाऱ्यास ठाऊक नसतें आणि घेणाऱ्यासही नसतें. शिवाय २००५-०६ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकंदर वेतनास मर्यादा घातली गेली. पहिल्या वर्षीं ती ३ कोटि ९० लक्ष डॉलर होती. त्यामुळें एखादा खेळाडू कितीही हवासा वाटला तरी त्याचें वेतन मर्यादेंत बसतें कीं नाहीं, हा हिशेबही करावाच लागतो.

चाहते तर्क कसा करतात

उत्तर अमेरिकेंत अशा चर्चेस ‘तापलेली शेगडी’ असें जुनें नांव आहे. हिंवाळ्यांत लोक दुकानांतील शेगडीभोंवतीं बसून खेळाच्या गप्पा मारीत, त्यावरून तें पडलें. आपल्याकडील गांवच्या पारावरच्या गप्पांचेंच हें भावंड समजावें. हे गप्पा मारणारे लोक केवळ रिकामटेकडे असतात असें मात्र समजूं नये. आपल्या संघांत बचाव करणारा कमी आहे कीं गोल करणारा, कोणाचा करार केव्हां संपतो, कोणाचें वय किती झालें, निरीक्षकांनीं कोणत्या मुलास कोणता क्रमांक दिला आहे, हें सर्व ते बारकाईनें पाहतात. आंकडे जमवावे, त्यांवरून अनुमान काढावें, आणि निकाल लागल्यावर तें पडताळून पाहावें, हीच शास्त्रीय विचाराची रीत आहे. ती खेळाच्या निमित्तानें अंगीं बाणली तर वाईट काय?

परंतु या तर्कांत तीन दोष वारंवार दिसतात. पहिला असा कीं, चाहता आपल्याच बाजूनें सौदा मांडतो. आपले तीन सामान्य खेळाडू द्यावे आणि दुसऱ्याचा एक असामान्य घ्यावा, असा बेत तो मोठ्या उत्साहानें सांगतो. पण समोरचा मनुष्य त्यास ‘हो’ कां म्हणेल, हा प्रश्न तो स्वतःस विचारीत नाहीं. जुनीं भांडीं देऊन सोन्याची लोटी मागणाऱ्यास बोहारीणसुद्धां दारांत उभें करणार नाहीं! दुसरा दोष असा कीं, दहा तर्कांपैकीं जो एक खरा ठरला तोच मनुष्य लक्षांत ठेवितो आणि चुकलेले नऊ विसरून जातो. तिसरा दोष सर्वांत मोठा: आज लावलेला क्रमांक म्हणजेच त्या मुलाची कायमची योग्यता, असें तो मानूं लागतो. या दोषांचा उलगडा व्हावा म्हणून घडलेलीं कांहीं उदाहरणें पाहूं.

उदाहरण पहिलें: दूरदृष्टि

माँट्रियलच्या संघाचे व्यवस्थापक सॅम पोलॉक यांची नजर क्वेबेक प्रांतांतील गी लाफ्लर या मुलावर होती. तो १९७१ सालीं निवडीस पात्र होणार होता. पोलॉक यांनीं त्यापूर्वीं एक वर्ष, १९७० च्या मे महिन्यांत, कॅलिफोर्नियांतील सील्स या दुबळ्या संघाशीं सौदा करून त्यांचा १९७१ चा पहिल्या फेरीचा हक्क आपल्याकडे घेतला. सील्स तळाशीं राहिले तर तो हक्क पहिल्या पाळीचा ठरणार होता. हंगामाच्या मध्यास लॉस एंजेल्सचा संघच अधिक खालीं घसरतो कीं काय अशी चिन्हें दिसूं लागलीं. तेव्हां पोलॉक यांनीं आपला राल्फ बॅकस्ट्रॉम हा अनुभवी खेळाडू लॉस एंजेल्सला दिला. त्या संघास आधार मिळावा व सील्स तळाशीं राहावे हाच त्यांतील डाव होता, असें सांगितलें जातें. अखेर सील्सच शेवटीं आले, पहिली पाळी माँट्रियलची झाली, आणि लाफ्लर यानें पुढें त्या संघास पांच वेळां स्टॅन्ले चषक मिळवून देण्यांत हातभार लावला. येथें पोलॉक यांनीं स्वतःच्या इच्छेवर विसंबून न राहतां दुसऱ्या संघाचें बलाबल जोखलें होतें, हें ध्यानांत ठेवावें.

उदाहरण दुसरें: निकालाची वाट

१९९१ सालीं क्वेबेक शहराच्या नॉर्डिक्स संघानें एरिक लिंड्रॉस यास पहिल्या पाळीस निवडलें. परंतु त्यानें त्या संघाकडून खेळण्याचें साफ नाकारलें. वर्षभर हा पेंच सुटला नाहीं. १९९२ च्या जून महिन्यांत तर फिलाडेल्फिया व न्यू यॉर्क या दोन्ही संघांनीं आपला त्याजबद्दलचा सौदा पक्का झाल्याचा दावा केला, आणि शेवटीं लवादानें ३० जून रोजीं फिलाडेल्फियाच्या बाजूनें निर्णय दिला. एका मुलाच्या मोबदल्यांत क्वेबेकला पीटर फॉर्सबर्ग धरून सहा खेळाडू, पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि दीड कोटि डॉलर मिळाले. लिंड्रॉस खरोखरच थोर खेळाडू निघाला. १९९५ सालीं लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूचें पारितोषिक, हार्ट ट्रॉफी, त्यास मिळालें. तथापि त्याच्या फिलाडेल्फियास चषक मिळाला नाहीं. उलट ज्यांनीं त्यास सोडलें त्यांनीं १९९६ सालीं चषक जिंकला व त्या संघांत फॉर्सबर्ग होता.

म्हणजे क्वेबेकच्या चाहत्यांची सरशी झाली काय? नाहीं. पैशाच्या अडचणींमुळें तो संघ १९९५ सालींच विकला जाऊन डेन्व्हर शहरीं गेला होता. ज्यांनीं चार वर्षें या सौद्याचा ऊहापोह केला, त्यांच्या गांवीं तो चषक आलाच नाहीं. त्यांनीं बांधलेलें अनुमान कितीही बरोबर असो, संघच गांव सोडून जाईल हें आंकड्यांच्या रकान्यांत कोठें लिहिलें होतें? तर्काच्या बाहेरही पुष्कळ जग असतें, याची ही आठवण आहे.

उदाहरण तिसरें: क्रमांक आणि योग्यता

१९९३ सालीं ऑटावाच्या संघानें अलेक्झांडर डेग यास पहिल्या क्रमांकानें निवडलें. दुसऱ्या क्रमांकास कोणी लक्षांत ठेवीत नाहीं, अशा आशयाचे उद्गार त्यानें त्या वेळीं काढले होते. अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडचे ते शब्द. त्यांबद्दल त्यास फार दोष देऊं नये. पण त्या वर्षीं दुसरा आला तो क्रिस प्राँगर. तो २००० सालीं हार्ट ट्रॉफीचा मानकरी झाला, २००७ सालीं त्यानें चषक जिंकला, आणि २०१५ सालीं त्याचें नांव हॉकीच्या गौरवमंदिरांत कोरलें गेलें. डेग यानें लीगमध्यें ६१६ सामने खेळले. हें कांहीं थोडें काम नव्हे; परंतु लोकांनीं त्याच्या माथीं जी अपेक्षा ठेविली होती तिच्या मानानें तें सर्वांस अपयशच वाटलें.

आतां दुसरें टोंक पाहा. डॉमिनिक हाशेक हा झेक गोलरक्षक १९८३ सालीं १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्यास १९९७ व १९९८ अशीं लागोपाठ दोन वर्षें हार्ट ट्रॉफी मिळाली आणि १९९८ सालीं नागानो येथें त्यानें आपल्या देशास ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळवून दिलें. डेट्रॉइटच्या संघानें पावेल दात्स्युक यास १९९८ सालीं १७१ व्या, तर हेन्रिक झेटरबर्ग यास १९९९ सालीं २१० व्या क्रमांकावर घेतलें. २००८ सालीं त्या संघानें चषक जिंकला तेव्हां हे दोघे त्याचे आधारस्तंभ होते. मार्टिन सेंट लुई यास तर कोणत्याही संघानें कोणत्याही फेरींत निवडलें नव्हतें. अंगानें तो लहान होता. त्यास २००४ सालीं हार्ट ट्रॉफी व चषक हीं दोन्हीं एकाच वर्षीं मिळालीं.

मागील फेऱ्यांतील नांवांकडे लोक किती कमी लक्ष देत, याची एक गमतीची गोष्ट आहे. १९७४ सालीं ड्राफ्ट दूरध्वनीवरून चालला होता आणि फेऱ्या संपतां संपत नव्हत्या. बफेलोचे व्यवस्थापक पंच इम्लाक हे कंटाळले. त्यांनीं अकराव्या फेरींत, १८३ व्या क्रमांकावर, जपानांतील तारो त्सुजिमोतो नांवाचा खेळाडू निवडल्याचें गंभीरपणें कळविलें. लीगनें तें नांव निमूटपणें नोंदवून घेतलें. पुढें उघड झालें कीं असा मनुष्य जगांत नव्हताच! गंमत ती गंमत, पण त्याच याद्यांच्या तळाशीं हाशेक, दात्स्युक यांच्यासारखे जिवंत मनुष्य नंतर सांपडले, हें विसरतां कामा नये.

सौद्याच्या मागें मनुष्य असतो

९ ऑगस्ट १९८८ हा दिवस कॅनडांतील लोकांस अद्याप आठवतो. एडमंटनच्या संघास चार वेळां चषक मिळवून देणारा वेन ग्रेट्झ्की त्या दिवशीं लॉस एंजेल्सला देण्यांत आला. त्याच्याबरोबर आणखी दोन खेळाडू गेले. मोबदल्यांत दोन खेळाडू, पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि दीड कोटि डॉलर आले. हें जाहीर करण्यासाठीं बोलावलेल्या सभेंत ग्रेट्झ्कीस हुंदका आवरेना. कॅनडाच्या संसदेंतील एका सभासदानें तर सरकारनेंच हा सौदा थांबवावा अशी मागणी केली. पुढें १९९० सालीं एडमंटननें त्याच्यावांचून चषक जिंकला, आणि ग्रेट्झ्कीस तो पुनः कधींच मिळाला नाहीं. तर्क लढविणाऱ्यांच्या हिशेबांत हें सर्व जमा-खर्चाच्या बाजूंस मांडतां येईल. पण त्या दिवशींचे अश्रु कोणत्या रकान्यांत मांडावे? ज्या नांवांची आपण पारावर बसून देवघेव करतों, त्या नांवांचीं घरें असतात, आईबाप असतात, आणि मागें ठेवावयाचे मित्र असतात.

विद्यार्थ्यांसाठीं बोध

तर्क करूं नये, असें या लेखाचें म्हणणें नाहीं. तर्क अवश्य करावा. मात्र तो करतांना चार गोष्टी पाळाव्या. निकालापूर्वींच आपलें अनुमान कारणांसह वहींत लिहून ठेवावें, म्हणजे मागाहून ‘मी म्हटलेंच होतें’ असें म्हणण्याची सोय राहत नाहीं. दुसऱ्या बाजूच्या खुर्चींत बसून तोच सौदा एकदां पाहावा. जितकीं अनुमानें खरीं ठरलीं तितकींच चुकलेलींही मोजावीं. आणि आपलें अनुमान एका मनुष्याच्या आजच्या खेळाविषयीं आहे, त्याच्या उभ्या आयुष्याविषयीं नाहीं, हें क्षणभरही विसरूं नये.

पवित्र शास्त्रांत शमुवेल संदेष्ट्याची कथा आहे. राजा निवडण्यासाठीं तो बेथलेहेमास इशायाच्या घरीं गेला, तेव्हां इशायाचे सात पुत्र एकामागून एक त्याच्या पुढून गेले. थोरल्या अलियाबाची उंची व रूप पाहून शमुवेलासही वाटलें कीं हाच तो असावा. तो संदेष्टा असूनही त्याचा पहिला तर्क चुकला. ज्यास निवडावयाचें होतें तो दावीद त्या वेळीं रानांत मेंढरें राखीत होता, आणि त्यास घरीं बोलावून आणावें हें त्याच्या बापासही सुचलें नव्हतें.

आपल्या शाळेंतही वर्षांतून अनेकदां क्रमांक लागतात. वर्गांत लागतात, परीक्षेंत लागतात आणि मैदानावर लागतात. ते लावावे लागतात, त्यास इलाज नाहीं. परंतु भिडू मागतांना जो शेवटीं उरतो, त्यास आपण कोणत्या स्वरानें हांक मारतों हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. आणि त्या हांकेवर त्या मुलाचा पुढचा खेळ पुष्कळ अवलंबून असतो.